ॲकॉस्टिक गिटार: पावसाळ्यात फुगणं, उन्हाळ्यात तडकणं (मोजमापांसकट)

तारकस (धागाकर्ता)

गिटारच्या निगेबद्दल नेटवर जे सापडतं ते बहुतेक कॅनडा-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी लिहिलेलं असतं. बाहेर बर्फ, घरात हीटर, खोलीतली आर्द्रता १५-२० टक्के. त्यामुळे केसमध्ये (गिटारच्या कठीण पेटीत) ओला स्पंज ठेवा, हाच सल्ला सगळीकडे. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैत तो पाळला तर ब्रिज (पुढच्या फळीवरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) उपटून हातात येईल. आपल्याकडे एकाच गिटारला जूनमध्ये एक आजार आणि एप्रिलमध्ये बरोबर उलटा आजार होतो. म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकडे. चांगल्या कारखान्यांत गिटार ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत जोडली जाते. त्या हवेत लाकडात वजनाच्या साधारण ८-९ टक्के पाणी असतं. हवा ८५ टक्क्यांवर गेली की ते हळूहळू १७ टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि २० टक्क्यांच्या कोरड्या हवेत साडेचारवर येतं. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र हलतं. सिटका स्प्रूस हे टॉपचं, म्हणजे पुढच्या फळीचं, नेहमीचं लाकूड. त्याची रेडियल कापाची (खोडाच्या मध्यातून सालीकडे कापलेली) फळी पाण्यात दर एक टक्का फरक पडला की रुंदीत सुमारे ०.१५ टक्के बदलते. ड्रेडनॉटची (नेहमीच्या मोठ्या आकाराच्या गिटारची) खालच्या भागातली रुंदी धरा ४०० मिमी. टॉप मोकळा असता तर पावसाळ्यात ५ मिमीहून जास्त रुंदावला असता आणि कडक उन्हाळ्यात मूळ मापापेक्षा दोन-सव्वादोन मिमी आटला असता.

पण टॉप मोकळा नसतो. कडेने साइडला (बाजूच्या फळीला) चिकटवलेला, आतून ब्रेसिंगने (आधाराच्या लाकडी पट्ट्यांनी) बांधलेला, वर ब्रिज. ब्रिजच्या रेषा टॉपच्या रेषांना काटकोनात असतात. म्हणजे १५० मिमी लांबीचा ब्रिज जागचा हलत नाही आणि त्याच्याखालचं स्प्रूस उन्हाळ्यात जवळजवळ एक मिमी आटायला बघतं. भेग बहुतेक वेळा ब्रिजच्या टोकापासून किंवा ब्रिजच्या मागे का सुरू होते, त्याचं उत्तर इथे आहे.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. पावसाळ्यात टॉप फुगायला बघतो, कडा त्याला फुगू देत नाहीत. थोडं तो वर फुगून निभावतो, उरलेला दाब लाकडाच्या पेशी चेंगरून जिरतो. चेंगरलेल्या पेशी परत पहिल्यासारख्या होत नाहीत. मग तेच लाकूड वाळलं की मूळ मापापेक्षाही लहान होतं. वैशाखात दिसणाऱ्या भेगेची तयारी श्रावणात झालेली असते. ज्यांनी चार पावसाळे गिटार भिंतीवर उघडी टांगली आणि "काही झालं नाही" म्हणतात, त्यांनी मे महिन्यात एकदा टॉर्च लावून ब्रिजमागची जागा बघावी.

---

घाटमाथा

चांगला धागा. दोन प्रश्न. हे सगळं सॉलिड (एकसंध लाकडाच्या) टॉपलाच लागू ना? आणि आपली गिटार सॉलिड आहे की लॅमिनेट (थर चिकटवलेली), हे दुकानदाराच्या शब्दाशिवाय कसं ओळखायचं?

---

शिसवी

@घाटमाथा, साउंडहोलची (टॉपमधल्या गोल भोकाची) कड बघा. वरच्या रेषा कडेवरून वळून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड. कडेत तीन थर दिसले, मधल्याच्या रेषा आडव्या असल्या, तर लॅमिनेट. कडेला काळा रंग किंवा बाइंडिंग (कडेची पट्टी) लावून झाकलं असेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून टॉपच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. बाहेरची एखादी ठळक रेषा किंवा गाठ आत त्याच जागी सापडली पाहिजे.

ओळखीची उदाहरणं: यामाहा एफ३१० चा टॉप लॅमिनेट, एफजी८०० चा टॉप सॉलिड स्प्रूस, पण मागची आणि बाजूची फळी लॅमिनेट. दुकानात "सॉलिड वुड" म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळसं दुसऱ्या प्रकारातलं असतं. त्यात वाईट काही नाही. उलट दमट गावात मागे-बाजूला लॅमिनेट असणं सोयीचंच.

लॅमिनेट सहसा तडकत नाही कारण थर एकमेकांना धरून ठेवतात. पण ते फुगतं, थर सुटतात आणि ब्रिज तर कुठल्याही गिटारचा निघतो. नेक (गिटारची मान), फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) आणि ब्रेसिंग सॉलिडच असतात, त्यामुळे लॅमिनेटवाल्यांनी धागा सोडून पळू नये.

---

खर्जातला सा

वाचतोय. मिरजेच्या तंबोऱ्यालाही हेच लागू का?

---

तारकस

आर्द्रतेची पातळी तीच चालेल, पण तंबोऱ्याची तबली (वरची फळी) जाड, भोपळा वेगळ्याच स्वभावाचा, जोडकाम वेगळं. त्याच्यासाठी जाणकार वेगळे. कृपया नवा धागा काढा, मीही वाचायला येईन.

---

मापट्या

काहीही विकत घेण्याआधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या. साधा डिजिटल चालतो, पण नवाकोरासुद्धा पाच-सात टक्के खोटं बोलू शकतो. म्हणून मिठाची चाचणी करायचीच.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. त्यात थेंब थेंब पाणी घाला, इतकंच की ओल्या वाळूसारखं होईल. वर पाणी तरंगायला लागलं तर जास्त झालं, अजून मीठ टाका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी बंद करा. पंख्याखाली किंवा उन्हात नको, तापमान स्थिर राहील अशी जागा बघा. बारा तासांनी पिशवी न उघडता बाहेरूनच आकडा वाचा. संपृक्त मिठावरची हवा २५ अंशांना ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचा ८१ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यातून ६ वजा करायचे, आणि ते मागे पट्टीवर लिहून चिकटवून ठेवायचं. वर्षातून एकदा परत.

हायग्रोमीटर केसच्या आत, हेडस्टॉकजवळच्या (खुंट्यांच्या टोकाजवळच्या) खोबणीत राहू द्या. खोलीतला आकडा वेगळा, केसमधला वेगळा. गिटार राहते केसमध्ये.

---

शिसवी

आकडा नसला तरी गिटार स्वतः सांगते. त्यासाठी ३०० मिमीची स्टीलची पट्टी पुरे.

ब्रिजच्या मागे टॉपवर पट्टी आडवी, कडेवर उभी धरा. बऱ्याच "फ्लॅटटॉप" गिटारचा टॉप मुळात सपाट नसतो, २५ ते २८ फूट त्रिज्येचा हलका फुगवटा दिलेला असतो. २८ फुटांच्या हिशोबाने पट्टी मध्यावर टेकवल्यावर दोन्ही टोकांखाली साधारण सव्वा मिमी फट दिसली पाहिजे. पट्टी पूर्ण टेकली, किंवा उलट मध्ये उजेड दिसला, तर टॉप वाळून बसलाय. टोकांखाली तीन-चार मिमी दिसत असेल तर पाणी प्यायलाय, किंवा ब्रेस सुटलाय. सुटलेला ब्रेस ओळखायला बोटाच्या पेराने टॉपवर जागोजागी हलकं ठोका. सुटल्या जागी आवाज फाटका येतो.

वाळल्याची बाकी लक्षणं: ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आपोआप खाली येते, तारा फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) वाजायला लागतात, आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. फ्रेटचा धातू आटत नाही, फ्रेटबोर्डचं लाकूड आटतं, म्हणून टोकं बाहेर. हे सगळ्यात आधी कळतं. टोचायला लागलं त्या आठवड्यात ओलावा दिला तर पुढची भेग टळते. त्या वेळी टोकं कानशीने घासून टाकणारे महाभाग आहेत. पावसाळ्यात लाकूड परत फुगलं की मग टोकं आत गेलेली दिसतात आणि पहिली तार कडेवरून घसरते.

सादळल्याची: ॲक्शन वर जाते, आवाज बसका होतो, ब्रिजमागे पोट येतं, तारांवर गंज, केस उघडताच कुबट वास. ब्रिजची तपासणी साध्या छपाईच्या कागदाने करा, तो ०.१ मिमी असतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. एक मिमी आत गेला तर कदाचित नुसती पॉलिशची कड असेल. तीन मिमी किंवा जास्त गेला तर गोंद सुटायला लागलाय, तारा ढिल्या करा आणि कारागिराकडे न्या. १२ ते ५३ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) लाइट सेटची एकूण ओढ सत्तर किलोच्या वर असते. ती त्या सुटणाऱ्या कडेवर रोज काम करत असते.

---

कोकणकडा

दापोली. ऑगस्टमध्ये केसमध्ये ८४. सिलिका जेलच्या त्या बुटाच्या खोक्यातल्या पुड्या दहा-बारा टाकल्या, आकडा हलला नाही. किती लागते नक्की? आणि आमच्याकडे सगळे सांगतात की तांदूळ ठेव.

---

मापट्या

हिशोब करू. केसमधली हवा जेमतेम १०० लिटर. ३० अंशांना ती हवा ८५ वरून ५० टक्क्यांवर आणायला फक्त ग्रॅमभर पाणी काढावं लागतं. म्हणूनच पुडी टाकल्यावर पहिल्या तासाला आकडा पडतो आणि लोक खूश होतात. खरं पाणी हवेत नसतं, लाकडात असतं. गिटारमध्ये दीड किलो लाकूड धरलं आणि ते १७ वरून ९ टक्क्यांवर आणायचं तर १०० ते १२० ग्रॅम पाणी काढावं लागेल. केसचं प्लायवुड आणि आतलं मखमली अस्तर यांचं वेगळंच. ते सगळं हळूहळू बाहेर येतं आणि आकडा परत चढतो.

सिलिका जेल ५० टक्क्यांच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या पाव भागापर्यंत पाणी धरते. म्हणजे घट्ट बंद होणाऱ्या केसला ५०० ग्रॅम, दोन सुती पिशव्यांत अडीचशे-अडीचशे. एक हेडस्टॉकखाली, एक नेकच्या हीलशेजारी (नेक जिथे अंगाला जोडतो तिथे). पहिल्या भरण्यानंतर तीन-चार दिवसांनी काढून भाजायची, परत ठेवायची. साधारण तिसऱ्या फेरीनंतर आकडा ५५ च्या खाली टिकायला लागतो.

नारिंगी रंगाची घ्या, भरली की हिरवी होते. निळी-गुलाबीवाली कोबाल्ट क्लोराइडची असते, ती विषारी, घरात नको. भाजायला ओव्हन ११०-१२० अंश, दोन तास, ताटात एकच थर. कढईत भाजणार असाल तर मंद आच आणि सारखं हलवत राहा, जास्त तापलं की दाण्यांचा रंग करपून जातो आणि मग भरली की नाही ते कळत नाही. ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. गार झाल्यावरच केसमध्ये.

आणि हे महत्त्वाचं: ताजी भाजलेली ५०० ग्रॅम जेल बंद केसमध्ये विसरलात तर आकडा ३५ च्याही खाली नेऊ शकते. पावसाळ्यात गिटार तडकवायची ती एक खात्रीची रीत आहे. ५० ला आला की अर्धी जेल बाहेर.

तांदूळ: साठवणीचा तांदूळ स्वतःच १२-१३ टक्के पाणी बाळगून असतो, म्हणजे तो साठ-पासष्ट टक्क्यांच्या हवेशी आधीच बरोबरीत. ८४ चे ७८ करेल फार तर. वर पोरकिडे. कपाटात ठेवतात ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे खोलीसाठी ठीक, केसमध्ये कधीच नको. त्यात खाली खारं पाणी साचतं, आणि ते एकदा सांडलं की फ्रेट, ट्यूनर (तारांच्या खुंट्या), पॉलिश सगळ्यांची वाट.

---

घाटमाथा

मग बोवेडा ४९ किंवा डॅडारिओचे ह्युमिडिपॅक (आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर राखणारे तयार पॅक) का नाही? दोन्ही बाजूंनी काम करतात. भाजायची भानगड नाही.

---

मापट्या

पॅक उत्तमच आहेत. आत मिठाचं संपृक्त द्रावण, बाहेर फक्त वाफ जाऊ देणारं पापुद्र्यासारखं आवरण, आणि केस ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवायचं काम ते सिलिकापेक्षा चांगलं करतात. पण ते आकडा राखायला आहेत, ८४ वरून खाली ओढायला नाहीत. सादळलेल्या गिटारबरोबर ठेवले तर आठ-दहा दिवसांत पाणी पिऊन टम्म फुगतात आणि पैसे गेले. माझं मत: जूनच्या पहिल्या आठवड्यात, गिटार कोरडी असतानाच, पॅक घालून केस बंद करा. उशीर झाला असेल तर आधी सिलिकाने ५५ पर्यंत आणा, मग पॅक. दोन साउंडहोलमध्ये तारांवरून लटकणाऱ्या पिशवीत, तिसरा हेडस्टॉकखाली.

आणि केस खरंच बंद होते का ते बघा. झाकणाच्या कडेत कागदाची पट्टी ठेवून कुलपं लावा आणि पट्टी ओढा. अलगद सुटली तर तिथून हवा जातेय. दाराला लावतात ती तीन मिमीची फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती कडेला आतून लावा. मात्र फोम किंवा रबर गिटारच्या अंगाला टेकता कामा नये. नायट्रोसेल्युलोज लॅकर (काही गिटारवरचं पॉलिश) रबराच्या संपर्कात मऊ पडून खराब होतं. गिगबॅगमध्ये (कापडी पिशवीत) पॅक ठेवणं म्हणजे अख्खी खोली वाळवायला घेणं.

---

तारकस

एक भर. टॉपला बाहेरून पॉलिश असतं, आतून कोरं लाकूड. पाणी मुख्यतः साउंडहोलमधून आत शिरतं. केस नसेल त्यांनी निदान साउंडहोलचं झाकण लावून ठेवावं. इलाज पूर्ण नाही, पण बदलाचा वेग कमी होतो, आणि लाकडाला वेगच सोसत नाही.

---

वसईकर

तीन-चार वाद्यं असतील तर कपाट. बंद कपाटात तळाला साधा फिलामेंटचा १५ वॉटचा बल्ब, तो जुना झिरोचा. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण हवा तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३२ अंशांवर नेली की ६७-६८ होते. फक्त चार अंश! एलईडी लावून उपयोग नाही, त्याची उष्णता पुरत नाही.

---

शिसवी

तत्त्व बरोबर, पण अटी लिहा. बल्बभोवती लोखंडी जाळी, वाद्य आणि बल्ब यांत किमान एक फूट, बल्ब थेट गिटारच्या खाली नको, कपडे-कागद त्या कप्प्यात नकोत, वायरिंग पक्कं. आणि ६८ म्हणजे धोका टळला, काम झालं असं नव्हे. आत केस असेल तर त्यात सिलिका लागेलच.

त्यापेक्षा १० बाय १२ च्या बंद खोलीत कॉम्प्रेसरवालं डीह्युमिडिफायर, दिवसाला १०-१२ लिटरचं, ५५ वर लावून. ड्रेनची नळी बाथरूममध्ये सोडली की टाकी रिकामी करायची कटकट नाही. खोली मात्र दोन-तीन अंशांनी तापते, तेवढी तयारी हवी. खिडकी उघडी ठेवून डीह्युमिडिफायर चालवणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही.

---

कोकणकडा

पाऊस उघडला की गाद्या, पापड, पुस्तकं, सगळ्याला ऊन दाखवतात. गिटारला तासभर दाखवलं तर?

---

शिसवी

अजिबात नको. उन्हात टॉपचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतली बाजू ओलीच राहते. फळीच्या दोन अंगांची ओढ वेगळी झाली की ती वाकते किंवा चिरते. शिवाय आजकाल बहुतेक गिटारना लागणारा पिवळा लाकूडगोंद ६०-६५ अंशांपुढे नरम पडतो. उन्हात काळी केस किंवा बंद गाडीची डिकी तिथवर सहज पोचते. तारांची ओढ चालूच असते, ब्रिज सरकतो, नेकचा जोड सरकतो. पाणी काढायचं ते सावलीत, आठवड्यांच्या हिशोबाने. दिवसाला दोन-तीन टक्के आर्द्रता उतरली तर पुष्कळ झालं.

आत बुरशी आली असेल तर आधी वाळवून घ्या. ओल्या बुरशीवर फडकं फिरवलं की ती लाकडात चोळली जाते. वाळल्यावर तोंडाला मास्क लावून मऊ रंगाच्या ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूमची नळी साउंडहोलशी धरा.

---

तारखंबा

मुंबईच्या एसीवाल्यांसाठी. रात्रभर एसी, सकाळी बंद, खिडकी उघडली: रोज ५५ ते ८५ असा झोका. गिटार स्टँडवर असेल तर टॉपच्या आतली बाजू हा झोका रोज खाते. कठीण केसमध्ये असेल तर तिला फारसं कळतही नाही, लाकूड तेवढ्या वेळात बदलत नाही. म्हणून एसीच्या खोलीत केस जास्त गरजेची, कमी नव्हे.

दुसरं, कार्यक्रमानंतर. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाच्या खाली वस्तूवर पाणी धरतं तो) २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांच्या थंडगार सभागृहातून गिटार बाहेर आणून लगेच केस उघडली की टॉपवर, तारांवर, ट्यूनरवर पाणी धरतं. केस तासभर बंद राहू द्या, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

---

संत्रानगरी

नागपूरची बाजू राहिली. आमच्याकडे मे महिन्यात दुपारची बाहेरची आर्द्रता २० च्या खाली जाते, पण घरात कूलर असतो. कूलरच्या खोलीत ६० ते ७०. लाइट गेली किंवा टाकीतलं पाणी संपलं की दोन तासांत ३०. म्हणजे मुंबईकरांचा वर्षाचा झोका आम्ही एका दिवसात घेतो. त्यात गिटार नेमकी कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीवर टांगलेली, कारण तीच भिंत रिकामी!

कूलरच्या खोलीत गिटार ठेवू नका, ठेवलीच तर केसमध्ये, झोतापासून लांब, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून तर नाहीच. केसमध्ये साबणाच्या डबीचं ह्युमिडिफायर: प्रवासाची प्लॅस्टिकची डबी घ्या, एकाच बाजूला पाच-सहा मिमीची आठ-दहा भोकं गरम सळईने पाडा, आत भांडी घासायचा नवा स्पंज मापाने कापून बसवा. डिस्टिल्ड पाणी २०-२५ मिली. मग स्पंज पिळा, डबी उलटी करून झटका, एकही थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर टॉपवर कायमचा डाग. एक डबी हेडस्टॉकजवळ, एक हीलशेजारी, भोकं गिटारच्या उलट दिशेला. एप्रिल-मेमध्ये दर तीन-चार दिवसांनी पाणी. महिन्यातून एकदा स्पंज उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर वास धरतो. ५५ दिसले की डबी बाहेर.

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार स्पंजमध्ये बसतात आणि तो दगड होतो. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं.

---

घाटमाथा

पुण्यात फेब्रुवारीपासून हेच करावं लागतं. आणि फ्रेटबोर्डला लेमन ऑइल लावलं की ओलावा मिळतो ना?

---

तारकस

तेल म्हणजे पाणी नव्हे. लाकूड आटतं ते पाणी गेल्यामुळे, आणि तेलाने ते परत येत नाही. रोजवुड किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा चार थेंब लावून पुसून घ्या, मळ निघतो, दिसायला बरं दिसतं, इतकंच. पॉलिश केलेल्या मेपलला तेही नको. खोबरेल तर कधीच लावू नका. ते खवट होतं आणि फ्रेटच्या खाचांत मुरून पुढे रिफ्रेट करताना (नवे फ्रेट बसवताना) गोंद धरू देत नाही.

---

उत्तरध्रुव

मिनेसोटातून. धाग्यात ज्या हिवाळ्याचा उल्लेख आला तो इथला. घरातली हवा १५ पर्यंत उतरते आणि खोलीचं ह्युमिडिफायर ४० च्या वर नेता येत नाही, कडाक्याच्या थंडीत खिडक्यांना आतून पाणी सुटतं. त्यामुळे खोली ३५, केस ४५ हाच मार्ग.

भारतातून गिटार आणणाऱ्यांनी हे वाचा. पावसाळ्यात फुगलेली गिटार घेऊन डिसेंबरात इथे उतरलात तर ८० वरून १५. नवी भेग हमखास. निघण्याआधी महिनाभर केसमध्ये ५० वर आणा, इथे पोचल्यावर पॅकसकट केस बंद ठेवा, पहिले दोन आठवडे वाजवण्यापुरतीच उघडा. गिटार कधी बाहेर ठेवली, किती वेळ, याचा हिशोब ठेवा.

---

कोकणकडा

समजा इतकं करून भेग पडलीच. ब्रिजमागे, दोन इंच, नख अडकतं. फेविक्विकचा एक थेंब?

---

शिसवी

नको, आणि सविस्तर सांगतो, कारण दुरुस्तीत निम्मा वेळ असले थेंब खरवडण्यात जातो. ते पातळ द्रव्य स्प्रूसच्या रेषांतून दोन्ही बाजूंना पळतं आणि कायमचा गडद डाग पाडतं. लॅकरला खातं. आणि एकदा ते भेगेत बसलं की लाकूडगोंद तिथे धरत नाही. शिवाय तुम्ही भेग उघडी असतानाच कुलूप लावताय. पावसाळ्यात लाकूड फुगलं की शेजारी दुसरी फाटेल.

तारा पूर्ण ढिल्या करा. भेगेला बोट लावू नका, हाताचं तेल आत जातं. सेलोटेप नको. केसमध्ये आर्द्रता ५० ते ५५ वर आणा आणि एक-दोन आठवडे तशीच ठेवा. ताजी भेग बहुधा स्वतःहून मिटते, नख अडकायचं थांबतं. त्या अवस्थेत कारागिराकडे न्या.

तो काय करेल: गरम हाइड ग्लू (कातड्यापासूनचा गोंद) किंवा पिवळा लाकूडगोंद पातळ करून भेगेवर लावेल, वरून रबरी सक्शन कपने किंवा आतून अंगठ्याने टॉप हलका वरखाली करून गोंद आरपार ओढेल. ओल्या फडक्याने पुसेल, मेणकागद ठेवून दोन्ही बाजूंनी लोहचुंबकांनी किंवा क्लॅम्पने धरेल. मग आतून क्लीट्स: स्प्रूसचे १२ ते १५ मिमीचे तुकडे, दीड-दोन मिमी जाड, कडा उतरत्या केलेले, रेषा भेगेला काटकोनात, दर ४०-५० मिमीला एक. क्लीट न लावता नुसता गोंद भरून परत दिलं तर ते काम अर्धवट आहे.

दोन आठवड्यांनंतरही फट राहिली तर ती वर तारकस यांनी सांगितलेली चेंगरण. मग फट आहे तेवढ्याच मापाची स्प्रूसची पाचर बसवावी लागते, टॉपच्याच रंगाची, रेषा जुळवून. हे सफाईचं काम आहे, घरी करू नये.

कारागिराला एक प्रश्न आधी विचारा: वर्कशॉपमध्ये आर्द्रता किती? जुलैत उघड्या दुकानात ८५ टक्क्यांत नवा ब्रेस किंवा ब्रिज चिकटवला तर तो फुगलेल्या टॉपवर चिकटतो, आणि टॉप आटला की तो एप्रिलमध्ये नवी भेग देतो. बंद, कोरडी खोली नसेल तर ब्रिज-ब्रेसिंगची कामं सरळ नोव्हेंबर-डिसेंबरला टाका. पांढऱ्या पीव्हीए गोंदाने ब्रिज बसवणाऱ्याकडून गिटार परत आणा. तो गोंद सततच्या ओढीखाली सरकत राहतो.

---

तारखंबा

+१. आणि पावसाळ्यात ॲक्शन वाढली म्हणून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासायला घेऊ नका. बाराव्या फ्रेटला सहावी तार २.४ मिमी, पहिली १.८ मिमी असा सेटअप ऑगस्टमध्ये सहावीला तीन मिमीच्या पुढे जाऊ शकतो. ट्रस रॉडने (नेकमधल्या धातूच्या सळईने) ते उतरत नाही. रॉड नेकचा बाक सुधारतो, टॉपचं पोट त्याच्या हद्दीबाहेर. फार टोचत असेल तर दुसरं सॅडल करून घ्या, अर्धा-पाऊण मिमी बुटकं, त्यावर पेन्सिलीने "पावसाळा" लिहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मूळचं परत. सॅडलच्या वर जितका फरक करायचा, तारेच्या ॲक्शनवर त्याच्या निम्मा दिसतो, हे धरून घासा.

---

मांडवी

मडगाव. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार, फ्रेंच पॉलिश, सीडरचा टॉप. वरचं सगळं लागू आहेच असं धरते. पण दमट दिवसांत हात टेकतो तिथे पॉलिश चिकट होतं, केसच्या मखमलीचे ठसे उमटतात. उपाय?

---

शिसवी

फ्रेंच पॉलिश म्हणजे शेलॅक, लाख. उष्णता, घाम आणि दमटपणा तिघांनाही हळवं. हाताखाली धुतलेलं सुती कापड किंवा बाहीचा मोजा वापरा, रेक्झिन नको. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसून पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या, अंगाची ऊब जाऊ दे, मग केसमध्ये. ठसे उमटतात ती ऊब आणि दाब यांची करामत, त्यामुळे केसमध्ये गिटारवर पातळ धुवट रेशमी किंवा सुती कापड अंथरा.

सॅनिटायझर लावलेले हात मात्र पूर्ण वाळल्याशिवाय गिटारला लावू नका. लाख अल्कोहोलमध्येच विरघळवून लावलेली असते, ओल्या बोटाचा ठसा थेट लाकडापर्यंत जातो. ठसे वरवरचे असतील तर पॉलिश करणारा माणूस एका बैठकीत ते परत ओढून देतो, पण तेही आर्द्रता ६० च्या खाली असतानाच, नाहीतर खाली पांढुरकं धुकं अडकतं.

सीडर स्प्रूसपेक्षा कमी हलतं, पण मऊ आणि ठिसूळ. आर्द्रता तीच, ४५ ते ५५. सहा महिने वाजवणार नसाल तर तारा एक स्वर उतरवून ठेवा.

---

मांडवी

धन्यवाद. सॅनिटायझरचं कुणीच सांगितलं नव्हतं. केसमध्ये आज ७३ आहे, सिलिका मागवते. ५०० ग्रॅम, नारिंगी.

---

मापट्या

क्लासिकलची केस जरा लहान, पण घ्या ५०० च. अडीचशे आत, अडीचशे भाजून हवाबंद बरणीत तयार. अदलाबदल करत राहिलात की मध्ये खंड पडत नाही. आणि हायग्रोमीटर मिठात घालून बघितला नसेल तर ते ७३ खरे की ६७, ते आधी ठरवा.